कानातला पाहुणा

"ते बोंडं कानातून काढ वं पोरी. एखाद दिवशी कानात पाहुणा येईल अन् जायाचं नाव घेणार नाही," गणपतराव सुनेला म्हणाले होते. खापरखेड्याच्या वीज केंद्रात टर्बाइनशेजारी तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी "चहा दे" म्हटलं की शेजारीही आधण चढायचं. भावना "हो बाबा" म्हणाली आणि तिने इअरफोनचा आवाज आणखी वाढवला.

भावनाची लेक नूपुर सात महिन्यांची झाली आणि पाहुणा आला. उजव्या कानात बारीक शिट्टी. कुकर आता वाजेल, आता वाजेल असं वाटावं आणि तो वाजूच नये, तशी. शिट्टीचंही एकवेळ चाललं असतं. पण दुपारी कुशीत झोपलेल्या नूपुरचा श्वास तिला ऐकू येईना. पूर्वी त्या श्वासावर ती डोळे मिटून पडायची. आता नाकाजवळ बोट धरून बघायची, की पोर जागी.

कानाचे डॉक्टर म्हणाले, "कान ठीक आहेत. ही शिट्टी घालवायचं औषध नाही, पण अगदी शांत खोलीत बसू नका. हळू, एकसारखा आवाज सुरू ठेवा."

तिने मोबाइलवर धबधबा लावला. दोन दिवसांत घरातली सगळी दुपटी ओली झाली आणि गणपतराव दर दहा मिनिटांनी बाथरूमकडे निघू लागले. धबधबा बंद.

मग तिला हॉलमधला चाकांचा कूलर दिसला. पाणी न घालता, तोंड भिंतीकडे करून, एक नंबरवर लावला. घर्र... शिट्टी मागे सरली, आणि आतल्या खोलीत, किती दिवसांनी, नूपुरचा श्वास ऐकू आला. भावना हललीसुद्धा नाही.

आठवडाभराने ती गच्चीवर कपडे काढत होती. खालून घर्र ऐकू आलं. पण आज तर तिने कूलर लावलाच नव्हता! पाहुण्याने आवाज बदलला की काय?

शेजारच्या गच्चीवर सिंधूताई होत्या. "काकू, आमचा कूलर ऐकू येऊन राहिला का हो?"

"डिसेंबरात कूलर? मले तर काईच ऐकू येत नाही वं," सिंधूताई म्हणाल्या. त्यांनी कानांवरून लोकरी स्कार्फ दोन वेढे गुंडाळला होता, हे घाबरलेल्या भावनाच्या लक्षात आलं नाही. ती धावत खाली आली. कूलर बंद!

सिंधूताईंनी लगेच बुटीबोरीला, कारखान्यात फोन लावला. "अश्विन, तुझ्या बायकोले कूलरचे भास होऊन राहिले!"

अश्विन हाफ डे टाकून आला. काही न विचारता त्याने कूलरला ताडपत्री गुंडाळली, सुतळी आवळली. "आता हा माळ्यावर. कूलरच नाही तं भास कायचा?"

भावनाला शिट्टी ऐकू येत होती. नूपुरचा श्वास कुठेच नव्हता.

"कूलर काहून बांधून राहिला बे?" आतून गणपतराव आले.

"भावनाले भास होते, बाबा."

"भास नाही रे. मीच लावतो, हे गच्चीवर गेली का. पावलं वाजली का बंद करतो. थंडीत कूलर लावला म्हणून तू वरडशील ना."

"पण काहून?"

गणपतराव आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. "माह्याही कानात शिट्टी आहे. एकोणीस वर्षं झाली. हिनं कूलर लावला तवा जराशी गप बसली. नूपुर झोपेत कुईकुई करते, मले मालूमच नव्हतं."

"मग बोलले काहून नाही कधी?"

"बोललो होतो ना. हिले."

पाहुणा! भावनाने खाली बसून सुतळीची गाठ सोडायला घेतली. अश्विन माकडटोपी शोधायला गेला.

तुमच्याही घरात कोणी थंडीत पंखा लावून बसत असेल, कोणी फार मोठ्याने बोलत असेल. आज त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, कानात काही वाजतं का. जरा जोरात विचारा.