न वाजवता घेतलेली युकुलेली

ठोंबरे अण्णा नारळ आणायला निघाले की त्यांच्या घरी दोन तास कुणी वाट बघत नाही. अण्णा कर्जतच्या बाजारात शिरतात, पहिल्या दुकानातला पहिला नारळ उचलतात, कानाशी धरून हलवतात, डोळे मिटून टिचकी मारतात, शेंडी हुंगतात आणि खाली ठेवतात. मग दुसरा. मग पुढचं दुकान. सगळा बाजार असा वाजवून झाला की परत पहिल्या दुकानात येऊन पहिला नारळ घेतात. त्या दुकानदाराने आता त्यांच्यासाठी एक स्टूलच ठेवलंय.

नुसता नारळच असता तर मी गप्प बसले असते. पण अण्णा झाडू घेताना दुकान झाडून बघतात. छत्री घेताना सात वेळा उघडतात आणि मिटतात, आठव्यांदा दुकानदार मिटून हातात देतो. तांदळाचा दाणा दाताखाली फोडल्याशिवाय त्यांनी कधी पोतं उचललं नाही. एकदा गादीच्या दुकानात गादी तपासायला म्हणून आडवे झाले ते घोरायला लागले. उठल्यावर म्हणाले, "पास."

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते, खोपोलीच्या एका शाळेत शिकवते आणि फार भोचक आहे. तिसरी गोष्ट लोक माझ्यामागे बोलतात, पण ती खरी आहे. त्यामुळे अण्णांबद्दल मी जे सांगते आहे ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं किंवा खोदून खोदून विचारलेलं आहे.

अण्णा मूळचे चौकजवळच्या गावातले. रसायनीच्या एका कारखान्यात त्यांनी जन्म काढला. कर्जतहून कंपनीच्या बसने जायचे, बसने यायचे. काम एकच, बाहेरून आलेला माल तपासायचा. टँकर आला, पिंपं आली, की अण्णा बाटली घेऊन पुढे. "नमुना बघू" असं त्यांनी म्हटल्याशिवाय कारखान्यात थेंब उतरत नसे. आणि शेरे तीनच. "पास", "परत" आणि मधला "चालंल." माल अगदी चोख नाही, पण काम अडणार नाही, त्याला "चालंल."

निवृत्त झाले तरी हे शेरे काही निवृत्त झाले नाहीत. माझ्या मुलीच्या बारशाला सगळे मुलीचं कौतुक करत होते. अण्णा जिलेबी खाऊन म्हणाले, "चालंल." आचारी आमचा लांबचा नातेवाईक निघाला. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

तर असे हे अण्णा गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी माझ्या दारात उभे राहिले. हातात माथेरानच्या मिनी ट्रेनचं तिकीट. तिकिटाच्या मागे त्यांच्या तपासणी खात्याच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं.

"शैला, युकुलेली ठाव हाय का गं तुला?"

मी आधी म्हटलं हे एखाद्या रसायनाचं नाव असणार. मग फोनवर शोधलं. चार तारांचं, गिटारीच्या पोटच्या पोरीसारखं दिसणारं वाद्य निघालं.

"हेच," अण्णा म्हणाले. "मागवायचं हाय. तुझ्या फोनवरनं. आन् हिला बोलायचं नाय."

ही म्हणजे सुमनकाकू. त्यांची बायको. शांत बाई. मला रात्रीची झोप येईना. अडुसष्टाव्या वर्षी युकुलेली? आणि काकूंपासून लपवून?

मी सरळ म्हटलं, "अण्णा, पनवेलला वाद्यांचं दुकान आहे. जाऊ एका रविवारी. वाजवून बघून घ्या."

"नाय," अण्णा म्हणाले. "वाजवून बघायचं नाय."

झाडूचा नमुना मागणारा माणूस हा!

"म्हणजे न तपासता घेणार?"

"न तपासता." एवढं म्हणून ते माझ्या सोफ्यावर बसले. बसायच्या आधी सोफा दोनदा दाबून बघितला, सवय म्हणून.

त्यानंतर पंधरा दिवस रोज संध्याकाळी आमच्याकडे युकुलेलीची बैठक बसायची. वाजवून बघायची नाही म्हणून निवड सोपी झाली असेल असं वाटलं तर साफ चूक. मला आता सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर हे तीन आकार झोपेत विचारले तरी सांगता येतात. लाकूड कुठलं, प्लायवूड का अखंड, तारा नायलॉनच्या का कसल्या, सगळं अण्णांनी वहीत उतरवलं. ज्यांनी आधी घेतली होती त्या लोकांचे अभिप्राय मला मोठ्याने वाचायला लावायचे. तेही फक्त एकच स्टार देणाऱ्यांचे.

"पाच स्टारवाल्यांचे पण वाचते की."

"चांगलं कोणपण बोलतं. माल कळतो तो नापास करणाऱ्याकडनं."

मी वाचायची. रंग उडाला. अण्णांची मान हलायची. खुंटी सैल आहे. मान हलायची. पोटावर डॉल्फिनचं चित्र आहे, मुलगा रडला. "परत," अण्णा म्हणायचे. मात्र एक प्रश्न प्रत्येक युकुलेलीला ठरलेला होता. "आवाज किती मोठा?" कुणी लिहिलेलं असलं की आवाज दणदणीत आहे, अख्खा हॉल भरतो, की अण्णा लगेच पुढे सरकायला सांगायचे.

आणि मग एके दिवशी एका तपकिरी सोप्रानोखाली मी वाचलं, "पैसे वाया. आवाज इतका बारीक की शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही."

अण्णा उठून उभे राहिले. "हीच!"

"अहो, हा माणूस शिव्या देतोय."

"देऊ दे. हीच पायजे."

मी मागवली. मागवताना माझं कुतूहल पार नाकापर्यंत आलेलं होतं, पण अण्णा तोवर दार ओढून निघून गेले होते.

पुढच्या रविवारी मी भाजीला गेले तर अण्णा नारळवाल्याच्या स्टुलावर बसलेले. टिचकी नाही, हुंगणं नाही. पिशवीत नारळ होता. नुसते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

"काय अण्णा, झाला नारळ?"

"कवाच झाला."

"मग घरी चला की."

"अजून पाऊण तास हाय," ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलं की ही बाई आता ऐकल्याशिवाय हलायची नाही. त्यांनी मला शेजारच्या रिकाम्या खोक्यावर बसायला लावलं.

"नारळ पयल्या टिचकीतच कळतो गं," अण्णा म्हणाले. "त्याला दोन तास कशाला लागतात?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांना नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. मामा घेऊन गेले सुमनकाकूंना बघायला. पोहे झाले, नाव-गाव झालं. मामा म्हणाले, काय विचारायचं ते विचार. अण्णा म्हणाले, गाणं म्हणायला सांगा.

"म्हटलं तिनं. चांगलं म्हटलं. संपल्यावर सगळी माझ्या तोंडाकडं बघाय लागली. आन् मी बोललो, आवाज बारीक हाय, पण चालंल."

अण्णांनी पिशवी मांडीवर घेतली.

"सगळी हसली. ती पण हसली असंल. मान खाली होती, मला दिसलं नाय."

लग्न झालं. संसार झाला. एकेचाळीस वर्षांत काकू घरात एकदाही गायल्या नाहीत. मंगळागौरीला बायका गाणी म्हणायच्या, काकू टाळ्या वाजवायच्या. अण्णांना वाटायचं, हौस नसेल. ते बसने जायचे, बसने यायचे, घरी असले की झोपायचे. निवृत्त झाल्यावर एकदा बाजाराला निघाले, पिशवी विसरली म्हणून जिन्यावरून परत फिरले आणि दाराआड गाणं ऐकलं.

"मी तिथंच उबा. कितीतरी येळ. मग पाय अवघडला, चप्पल वाजली. आन् गाणं बंद."

तेव्हापासून अण्णा रोज बाजारात दोन तास काढतात. मी ह्या दोन तासांवर सोसायटीभर विनोद करत हिंडले होते. मला माझी लाज वाटली.

युकुलेलीचा उलगडा माथेरानला होता. दिवाळीनंतर दोघं एक दिवस वर गेली होती. एका हॉटेलच्या व्हरांड्यात कुणी मुलगी ते वाद्य वाजवत होती, हळू, आपल्यापुरतं. काकू रस्त्यात उभ्या राहिल्या. घोडेवाले बाजूने निघून गेले, परतीची गाडी निघून गेली, काकू हलेनात. मुलीने त्यांना आत बोलावून ते हातात दिलं. काकूंनी तार छेडली आणि त्याबरोबर ओठांतल्या ओठांत सूर धरला. तेवढ्यात अण्णा समोर दिसले. काकूंनी वाद्य परत केलं. अण्णांनी मागे राहून मुलीला वाद्याचं नाव विचारलं आणि तिकिटावर लिहून घेतलं.

"मोठ्या आवाजाचं आणलं तर हिचा आवाज दाबून टाकंल," अण्णा म्हणाले. "म्हणून बारीक पायजे."

"आणि वाजवून का नाही बघायची?"

अण्णांनी पिशवीतला नारळ उगाच फिरवला. "वाजवली की माझ्या तोंडातनं शेरा निघणार. मला थांबवता येत नाय, शैला. एकदा नमुना मागितला ना, तो पुरे झाला. आता तिनं वाजवावी, तिनं ठरवावं. नाय वाजवली तर मी नारळ आणत राहीन."

पार्सल माझ्या पत्त्यावर आलं. अण्णांना हाक मारली. त्यांनी खोकं हातात घेतलं, टिचकीसाठी बोट वाकलं, आणि त्यांनी तो हात खिशात घातला. मलाही बरोबर चल म्हणाले. एकट्याला भीती वाटत असावी.

काकू भाजी निवडत होत्या. अण्णांनी खोकं त्यांच्यासमोर ठेवलं. काकूंनी हात पुसले, विळीच्या टोकाने चिकटपट्टी कापली आणि युकुलेली बाहेर काढली.

"माथेरानची ती," अण्णा म्हणाले.

काकूंनी ती उलटीसुलटी करून बघितली. "तपासली?"

"नाय."

"वाजवून बघितली?"

"नाय. तू बघ."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, ह्यांना ताप-बिप आहे का अशा नजरेने. मग युकुलेली मांडीवर घेतली. एकेक करून चारही तारा छेडल्या. तारा नव्या, सुरात लावलेल्या नाहीत; एक तर चक्क बकरीसारखी ओरडली. काकूंनी ती कानाशी नेली, अगदी अण्णा नारळ नेतात तशी, आणि डोळे मिटले.

"आवाज बारीक हाय," काकू म्हणाल्या. मग डोळे उघडले. "पण चालंल."

अण्णांचे कान लाल झाले. एकेचाळीस वर्षं काकूंनी ते वाक्य जसंच्या तसं जपून ठेवलं होतं, आणि अण्णांना ते आज पहिल्यांदा ऐकू आलं. त्यांनी उठून खुंटीवरची पिशवी काढली.

"नारळ आणतो."

"तीन नारळ पडलेत घरात," काकू म्हणाल्या. "बसा."

अण्णा बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. काकूंनी एकच तार धरली, घसा साफ केला आणि भाजीच्या ताटाकडे बघत पहिली ओळ म्हटली. ओळ थरथरली. दुसरी कमी थरथरली.

मी उठले. कुणी न सांगता उठून जायची माझी ही पहिलीच वेळ. दार हळूच ओढून घेतलं आणि आमच्या दोन दारांमधल्या जागेत उभी राहिले, कारण स्वभाव काही एका दिवसात जात नाही. पण काकूंचा आवाज खरंच बारीक आहे. मला शब्द ऐकू आले नाहीत.

गाणं संपलेलं तेवढं कळलं. मी अण्णांच्या शेऱ्याची वाट बघितली. शेरा काही आला नाही. जरा वेळाने आत दुसरं गाणं सुरू झालं.