हातची अकरा मिनिटं

ज्या मंगळवारी बाबांनी सहा तास चाळीस मिनिटांचं वेळापत्रक अंतिम मंजुरीसाठी धाकटीपुढे ठेवलं, त्या मंगळवारी घरात नोंद घेण्यासारखं दुसरं काहीही घडलं नाही.

बाबा बस आगाराच्या वेळापत्रक विभागातून एकतीस वर्षांनी निवृत्त झाले होते. तिथे त्यांना सगळे मिनिटकाटा म्हणत, आणि हे आपल्या कानावर आलेलं नाही असं बाबांनी एकतीस वर्षं दाखवलं. परदेशी असलेल्या थोरल्याकडे बापलेकींनी जायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत स्वस्त तिकीट काढण्यात आलं, आणि ते तिकीट प्रवाशांना एका मधल्या शहरात सहा तास चाळीस मिनिटं टाकून देत असे. थोरला फोनवर हळहळला.

"बाबा, एवढा वेळ विमानतळावर बसून काय करणार तुम्ही?"

बाबांना प्रश्नच कळला नाही. "बसून? अरे, अख्खं शहर फुकट मिळालंय."

त्या शहरात अल्पमुक्काम स्वागत योजना होती. दोन विमानांच्या मध्ये अडकलेल्या प्रवाशाने आधी नाव नोंदवून आपलं वेळापत्रक लिहून आणलं, तर त्याला बसचा पास विनामूल्य मिळायचा. बाबांनी दोन जागा नोंदवल्या आणि तीन आठवडे त्या वेळापत्रकावर बसले.

धाकटी मुद्रितशोधक होती. दुसऱ्यांच्या पुस्तकातल्या चुका काढणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. त्या मंगळवारी तिच्यासमोर नेमकी एका प्रवासी पुस्तकाची प्रुफं होती. थोड्या वेळात, थोड्या खर्चात शहर कसं बघावं, हा विषय. लेखकाने अर्ध्या अर्ध्या दिवसात चौतीस शहरं उरकली होती, आणि त्यांत हेही शहर होतं.

"पूल अर्धाच ओलांडायचा," बाबा म्हणाले. "पलीकडे गेलं तरी पूल तोच दिसतो."

"हं."

"घड्याळाचा मनोरा बाहेरून. आत जायला तिकीट आहे, आणि घड्याळ काही आत नसतं."

"हं."

"मग बागेत डबा. मग वाचनालय. प्यायला पाणी, स्वच्छतागृह आणि तुझी ती पुस्तकं. एका ठिकाणी तिन्हींची सोय."

धाकटीने मान वर केली नाही. तिच्या हातातल्या पानावर लिहिलं होतं की पुलाच्या मध्यावर उभं राहिलं की वारा छत्री उलटी करतो, आणि आपण कुठेतरी पोचलो आहोत असं माणसाला पहिल्यांदा वाटतं. वाक्य तिला फार आवडलं. तिने समासात बारीकशी खूण केली.

"एक वीस ते एक एकतीस कोरं आहे. का म्हणून विचार."

"का?"

"हातची अकरा मिनिटं."

बाबांनी आयुष्यात एकही वेळापत्रक हातच्या मिनिटांशिवाय केलं नव्हतं. चालकाला चहाचा घोट घेता यावा, म्हातारीला पिशव्यांसकट चढता यावं, लांबून हात करत पळत येणाऱ्याची गाडी चुकू नये, यासाठी ती असत. मात्र ती कागदावर दिसत नसत. दिसली की वरचे लोक ती खातात, असा विभागाचा अनुभव होता.

"नाव दिलं की गेली," बाबा म्हणाले. "म्हणून ठिकाण लिहिलेलं नाही. पण ही तुझी आहेत, धाकटे. तुला काय बघायचंय ते सांग. लिहीत नाही, नुसतं मनात धरतो."

"नंतर सांगते, बाबा. हे आजच जायचंय."

बाबांनी कोऱ्या ओळीत पेन्सिलीने बारीक लिहिलं: धाकटी, नंतर. मग पेन्सिल कानामागे लावली आणि कुकर लावायला आत गेले.

बाबा रोज सहाला उठत. बुधवारी सहाला उठले नाहीत. धाकटीने पाच मिनिटं हातची धरली आणि हाक मारली नाही. सहा वाजून पाच मिनिटांनी मारली.

झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले. दाखल्यावर त्यांनी वेळेपुढे 'अंदाजे' लिहिलं. बाबांच्या कागदपत्रांत हा शब्द पहिल्यांदाच आला.

विमान कंपनीने शोकसंदेश पाठवला. प्रवाशाने स्वतः येऊन सही केल्यास प्रवासाची तारीख विनाशुल्क पुढे ढकलता येईल, असं त्यात कळकळीने नमूद केलं होतं. थोरला म्हणाला, "तू तरी ये गं." दोन महिन्यांनी, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या विमानाने, धाकटी निघाली. वेळापत्रक तिने फाईलमध्ये घालून घेतलं होतं, आणि बाबांच्या खिडकीशेजारच्या जागेवर कुणीही बसलं नव्हतं.

विमान बरोबर नऊ दहाला उतरलं. योजनेचं दालन सामानाच्या पट्ट्यामागे होतं. दारावर पाटी होती: 'आपला वेळ मौल्यवान आहे. कृपया बसून घ्यावे.' खिडकीमागच्या समन्वयक बाई हसतमुख होत्या. त्यांनी एक जाडसर पत्रक पुढे सरकवलं.

"हे आधी भरा. समाधान पत्रक. बेचाळीस प्रश्न आहेत."

धाकटीने वाचलं. "पूल कसा वाटला, असं विचारलंय. मी अजून पूल बघितलाच नाही."

"म्हणून तर शांतपणे भरता येईल. बघून आल्यावर लोक वाद घालत बसतात. विमानाची घाई असते, अक्षर बिघडतं."

धाकटीने भरायला घेतलं. शेवटचा प्रश्न होता: 'आपणांस हे शहर खरोखर बघायचे आहे काय? होय, नाही, नंतर.' 'नंतर'पुढच्या चौकोनात आधीच खूण होती.

"ही कुणी केली?"

"छपाईतच आहे ती. सगळ्यांचं उत्तर तेच येतं, मग उगाच प्रवाशांना तसदी कशाला?" बाईंनी संगणकात पाहिलं. "दोन जण नोंदलेत. दुसरे कुठायत?"

"ते माझे वडील. वारले ते."

"अरे. आत्ता?"

"दोन महिने झाले."

"म्हणजे आज येणार नाहीत."

"नाही."

बाई मनापासून हळहळल्या. मग त्यांनी पडद्यावर वरखाली शोधलं. "काय आहे, 'येणार नाही' असा रकाना नाही. नोंदणी फुकट आहे ना, त्यामुळे न येण्याचा प्रश्नच उद्भवलेला नाही. 'उशिरा येणार' आहे. ते लिहू?"

धाकटीने जरा विचार केला. आयुष्यात एकदाही उशीर न केलेल्या माणसाबद्दल हे लिहायचं होतं.

"लिहा," ती म्हणाली.

उशिरा येणाऱ्यासाठी चाळीस मिनिटं थांबणं नियमानुसार बंधनकारक होतं. दोन खुर्च्या देण्यात आल्या. एकीवर धाकटी बसली. तासाभरात दालन भरलं असतं तर गोष्ट वेगळी, पण ते दहा मिनिटांतच भरलं. एक गृहस्थ बॅग ओढत आला आणि दुसऱ्या खुर्चीकडे बोट करून म्हणाला, "इथे कुणी आहे का?"

धाकटी काही बोलायच्या आत खिडकीतून आवाज आला. "आहेत. त्यांचे वडील यायचेत. जरा उशीर झालाय."

गृहस्थाने माफी मागितली आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. दोन महिन्यांत बाबांची जागा कुणी राखली नव्हती. घरी नातेवाइकांनी त्यांची खोली चार दिवसांत आवरून दिली होती. या दालनात ते चाळीस मिनिटं येणार होते, आणि कुणालाच त्यात शंका नव्हती. धाकटीला योजनेचा राग यायला हवा होता. तो त्या चाळीस मिनिटांत तिला आला नाही. पुढे आला.

चाळीस मिनिटांनी बाईंनी वेळापत्रक मागितलं आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला. "हे कुणी केलंय हो? फार सुरेख. इतकं काटेकोर आमच्याकडे येतच नाही. लोक नुसतं लिहितात, 'फिरणार'. यावर काम करायला मजा येईल."

"काम म्हणजे?"

"प्रत्येक ठिकाणाचं आधी पूर्वदर्शन असतं. पाहुणा एकदम पुलावर गेला तर बावचळतो. पुलाला तुम्ही चाळीस मिनिटं दिलीत, तर पूर्वदर्शनही चाळीस मिनिटांचं. कमी केलं तर पुलावर अन्याय होतो."

"आणि मग पूल?"

"तो बघून झाला ना. चाळीस मिनिटं वापरली गेली."

दालनामागे मोठी खोली होती, तिला खिडकी नव्हती. आधी बसचं पूर्वदर्शन झालं. पस्तीस मिनिटं प्रवासी हलणाऱ्या बाकांवर बसले, आणि एक कर्मचारी मधूनमधून "पुढे सरका" म्हणत राहिला. मग पूल. तो बारा पावलांचा होता, लाकडी, मागे भिंतभर नदीचं चित्र. एकसारख्या टोप्या घातलेलं एक जोडपं त्यावर ओठंगून फोटो काढत होतं.

"खऱ्या पुलावर एवढा चांगला उजेड मिळत नाही," नवरा म्हणाला.

"आणि लोक मध्येमध्ये येतात," बायको म्हणाली. "तिथलेच लोक."

रांगेतल्या एका अनुभवी प्रवाशाच्या छातीवर एकशे चौदा या आकड्याचा बिल्ला होता. त्याने एवढी शहरं केली होती. केली हे त्याचंच क्रियापद. या शहरात तो अकराव्यांदा आला होता.

"बाहेर कसं आहे शहर?" धाकटीने विचारलं.

"बाहेर कशाला जायचं?" तो चकित झाला. "बाहेर वेळ जातो."

प्रत्येकाला एक मार्गदर्शक पुस्तक भेट मिळत होतं. धाकटीने ते उघडलं आणि ओळखलं. तिनेच तपासलेलं होतं. लेखकाने सुरुवातीला या दालनाचे आभार मानले होते, ते पान तिच्याकडे प्रुफात आलं नव्हतं. तिने पुलाचं प्रकरण काढलं, आवडलेलं वाक्य काढलं, आणि मग वर पाहिलं. लाकडी पुलाच्या मध्यावर एक टेबलपंखा होता. शेजारी खुंटीला छत्री अडकवली होती. खाली चिठ्ठी: 'वारा, दोन मिनिटे. छत्री परत जागेवर ठेवावी.'

तिची पाळी आली. छत्री उलटी झाली. आपण कुठेतरी पोचलो आहोत असं काही तिला वाटलं नाही. एवढंच कळलं की त्या मंगळवारी दोन पूल तिच्यासमोर होते, एक टेबलावर आणि एक टेबलापलीकडे, आणि तिने मान खाली घालून हा पंखा निवडला होता.

मग मनोरा झाला. घड्याळ भिंतीवर होतं आणि बंद होतं, म्हणजे सर्वांना ते सारखंच दिसावं. मग बागेचा हिरवा गालिचा, त्यावर डबा उघडायला मनाई. मग वाचनालय, ज्यात एकाच पुस्तकाच्या दोनशे प्रती होत्या. तिने तिथे कर्मचाऱ्याला विचारलं, "मला आत्ता बाहेर जाऊन खरा पूल बघता येईल?"

"येईल की. पण दुसऱ्यांदा बघणं होईल. त्याला वेगळा अर्ज लागतो."

एक वाजून वीस मिनिटांनी समन्वयक बाईंनी वेळापत्रकावर शिक्का उठवला: 'शहर पाहिले.' परतीच्या बसचे हलते बाक तेवढे उरले होते. बाईंचं बोट एका ओळीवर अडलं.

"हे काय? एक वीस ते एक एकतीस. ठिकाण नाही. नुसतं 'धाकटी, नंतर'."

"ते तसंच आहे."

"'नंतर'चं पूर्वदर्शन आमच्याकडे नाही हो." त्यांनी वरिष्ठांना फोन केला. वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना केला. सगळीकडे शोधाशोध झाली. नाव नसल्यामुळे त्या अकरा मिनिटांना खोली नेमता येईना, खोली नेमता येईना म्हणून माणूस देता येईना. शेवटी बाईंनी फोन ठेवला आणि अगदी ओशाळल्या. "माफ करा, योजनेच्या इतिहासात असं झालेलं नाही. ही अकरा मिनिटं तुम्हाला स्वतःच घालवावी लागतील. त्या बाजूच्या दाराने बाहेर पडा. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

"तक्रार नाही माझी," धाकटी म्हणाली.

"कुणाचीच नसते." बाईंनी भिंतीकडे हात केला. तिथे फलक होता. शंभरातले नव्व्याण्णव प्रवासी समाधानी होते आणि बेचाळिसाव्या प्रश्नाचं उत्तर शंभराच्या शंभरांचं एक होतं. हा आकडा बनावट आहे असं म्हणायची सोय नाही. आपण हे वाचत असताना शेजारच्या खोलीतून कुणीतरी काहीतरी विचारलं असेल, आणि मान वर न करता आपण जे उत्तर दिलं असेल, तेच उत्तर त्या फलकावर होतं.

बाजूचं दार जड होतं. बाहेर ऊन होतं, फुटपाथ होता, एक बसथांबा आणि त्याचा बाक. कुणीतरी पहिल्या मजल्यावरून सतरंजी झटकत होतं. पूल दिसत नव्हता, मनोराही नाही. थांब्यावर एक बस उभी होती. पाटीवरची तिची सुटायची वेळ दोन मिनिटांपूर्वी होऊन गेली होती, तरी चालक पायरीवर बसून थर्मासच्या झाकणातून सावकाश काहीतरी पीत होता, आणि एक म्हातारी दोन पिशव्या घेऊन एकेक पायरी चढत होती. कुणाचाही आरडाओरडा नव्हता. या शहराच्या आगारातही कुणीतरी, वरच्यांना न दाखवता, काही मिनिटं मागे ठेवली होती.

धाकटी बाकाच्या एका टोकाला बसली. दुसरं टोक तिने मोकळं सोडलं आणि फाईल मांडीवर घेतली. पेन्सिलीचं अक्षर पुसट होत चाललं होतं.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली. चालकाने वळून पाहिलं, तरी ती थांबली नाही. "ती प्रुफं त्या दिवशी जायची नव्हती. आठवडाभर वेळ होता मला."