अर्ध्या तासात पडदा बसवतो!

आक्कांच्या लेकाला घरातली एकही वस्तू धड बघवत नसे. वस्तू दिसली, की याचा हात स्क्रू-ड्रायव्हरकडे गेलाच! मिक्सर उघडला, तो आता वायर उपटल्याशिवाय थांबत नाही. दाराची बेल उघडली, ती पाहुणे जायला निघाले की वाजते. "शाळेची पुस्तकं एवढ्या हौसेनं उघडली असतीस," आक्का म्हणायच्या, "तर आज दुरुस्तीला माणूस ठेवला असतास!"

अशा माणसाच्या तावडीत सुनेचा लॅपटॉप सापडला, आणि तोही ऐन ऑनलाइन मुलाखतीच्या सकाळी! पडद्यावर हिरव्या रेघा, अर्धा भाग काळाठिक्कर. नवा पडदा देताना दुकानदार परोपरीनं म्हणत होता, "मीच बसवून देतो." पण लेक ऐकतो कसला! "चार स्क्रूंचं तर काम. अर्ध्या तासात बसवतो!"

नोकरी होती चिडलेल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची. आधीची कंपनी बंद पडल्यापासून सून घरात बसून कोमेजली होती. आणि आक्कांनी तर शेजारीपाजारी "आमची सून लागली कामाला" असं सांगूनही टाकलं होतं. आता नोकरी हुकली, की सुनेचं मन मोडणार आणि आक्कांचं नाक कापलं जाणार!

अर्धा तास झाला. जुना पडदा निघाला, पण निघता निघता कडकन तडकला. नव्या पडद्याचं आणि आतल्या वायरीचं तोंड एकमेकांशी जुळेना. सासू-सुनेचं तरी कधीमधी जुळतं!

"अहो, मुलाखतीला दहा मिनिटं उरलीत!" सून रडकुंडीला आली.

"घाबरू नकोस. टीव्हीला जोडतो!"

वायर आखूड. म्हणून तो पडदा नसलेला लॅपटॉप टीव्हीशेजारी स्टुलावर तिरका ठेवला. वरच्या रिकाम्या चौकटीत कॅमेरा तेवढा जिवंत होता. सून टीव्हीसमोर खुर्चीत बसली. मागे कोपऱ्यातल्या दिवाणावर मटार सोलत आक्का.

"आई, टीव्हीवरचा तो रुमाल काढ. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारं आपलं चित्र झाकलं जातंय."

"माझ्या हातचं विणकाम आहे ते! तुम्हाला स्वतःची तोंडं कशाला बघायचीत? साहेबांची बघा!"

"बरं बाई. पण तू एक शब्दही बोलायचा नाहीस!"

"मी कशाला बोलतेय?" म्हणून आक्कांनी तोंडात मूठभर मटार टाकले.

टीव्हीवर एक मिशीवाले साहेब आणि एक चष्मेवाल्या मॅडम उगवल्या. दोघं डोळे फाडून बघतच राहिले.

"मॅडम," साहेब चाचरत म्हणाले, "खाणं चालू असेल तर... आम्ही थांबतो."

"नाही सर, मी काहीच खात नाहीये," सून गोंधळून म्हणाली.

"अर्जावर वय बत्तीस लिहिलंय..."

"हो सर."

"बत्तीसच?"

"हो. म्हणजे पुढच्या महिन्यात तेहतीस."

आक्कांचं डोकं तापलं. मेला, बाईमाणसाला वय दोनदोनदा विचारतो! पण शब्द दिला होता. त्यांनी नुसतेच डोळे वटारले. साहेब खुर्चीत मागे सरकले.

मॅडमनी विचारलं, "एखादं गिऱ्हाईक अंगावर ओरडलं, तर काय कराल?"

"मी अगदी शांत राहीन," सून मधाळ आवाजात म्हणाली. तेवढ्यात लेक दारातून आक्कांना गप्प राहण्याच्या खुणा करायला लागला. मी गप्पच आहे की रे! आक्कांनी शेंगांची मूठ भरली आणि त्याच्यावर भिरकावली.

"मी कधीच आवाज चढवत नाही," सून सांगत होती. आक्कांनी आता चप्पल उचलली.

"मॅडम, ती चप्पल खाली ठेवा!" साहेब ओरडले. "आणि खरं वय सांगा!"

झालं! आक्का ताडकन उठल्या. "अहो मिशीवाले! किती वेळा वय विचाराल माझ्या सुनेला? लग्न जमवायचंय का तिचं?"

"सुनेला?" साहेबांचा जबडाच लोंबला. "म्हणजे उमेदवार तुम्ही नाही, आजी?"

सून गर्रकन वळली. कॅमेऱ्याचा डोळा थेट दिवाणाकडे! लेक धावला, वायरीत पाय अडकला, आणि टीव्ही, लॅपटॉप, लेक, तिघंही एकदम गार!

सुनेच्या डोळ्यांत पाणी. आक्कांनाही तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात फोन वाजला. मॅडमना हसू आवरत नव्हतं. "ऐका हो, मागे एवढं महाभारत चालू असताना तुमचा आवाज जराही हलला नाही. अशा सासूबाईंपुढे जी शांत राहते, तिला आमची गिऱ्हाइकं म्हणजे किस झाड की पत्ती! सोमवारपासून या."

"अशा सासूबाई" म्हणजे कशा, हे विचारायला आक्कांनी तोंड उघडलं होतं. पण सुनेनं त्यांना घट्ट मिठी मारली, आणि ते उघडं तोंड तसंच मिटलं.

तेवढ्यात जमिनीवर गुडघा चोळत लेक उठून बसला. "बघितलंस ना आई? मी लॅपटॉप उघडला, म्हणून नोकरी लागली!"

आक्कांनी कमरेवर हात ठेवले.

"गाढवानं लाथ मारली आणि दार उघडलं, म्हणून त्याला कुणी सुतार म्हणत नाही! ऊठ, आणि दुकानात जा!"