उदारामचा नागपुरी कोट

लेकीचं लग्न पक्कं करायला दरेकशाला जायचं तर अंगावर कोट हवा, एवढंच उदारामने ठरवलं होतं. नवा शिवायला महिना लागला असता आणि जायचं होतं सोमवारी. (पैसेही लागले असते, पण ते कशाला बोला.) म्हणून नवेगाव बांधचा हा शेतकरी गोंदियाच्या बाजारात, कुणी ओळखीचं बघत नाही ना ते पाहून, जुन्या कपड्यांच्या ढिगात शिरला.

"अंग्रेज साहब का है. विलायत लौट गया," दुकानदाराने शपथेवर सांगितलं.

घरी मात्र उदारामने कोट नागपूरला शिवला म्हणून सांगितलं. बायकोच्या, देवकाबाईच्या लेखी उतरलेला कपडा म्हणजे मेलेल्याचाच. तो शुभकार्यात दिसला असता तर तिने नवऱ्यालाच गोठ्यात निजवलं असतं.

तिने कोट हुंगला. "नव्या कोटाले गुळाचा वास काऊन येऊन राहिला?"

"शिंप्याच्या बाजूले किराण्याचं दुकान आहे."

दरेकशाला मुलाचे वडील भोजराज कोटाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. उदाराम फुगला. "नागपूरले शिवला," त्याने न विचारताच सांगून टाकलं. मुलाची आई धुरपताबाई चकचकीत गडव्यातून पाणी देत होती, तिच्या हातून निम्मं सांडलं.

"गडवा सुंदर आहे. नवा?" उदारामने विचारलं.

"नवाच," म्हणत ती घाईने आत गेली.

पोरगी त्यांना पसंत होती. घराणं पटायचं तेवढं राहिलं होतं, आणि तो शब्द मुलाच्या आजीचा, जमुनाबाईचा. आजी उदारामला न्याहाळत बसली होती.

तेवढ्यात अंगणातली गाय दावं तोडून आली आणि तिने सरळ उदारामच्या उजव्या खिशात तोंड घातलं. उदाराम खाटेवर आक्रसून बसला. गाय डोळे मिटून खिसा चाटत राहिली.

आजी उठून उभी राहिली. "ही कपिली परक्याले शिंगावर घेते. या मानसाले चाटून राहिली. मानूस सोन्याचा आहे. पक्कं करा."

उदारामला इतका आनंद झाला की त्याने गायीच्याच पाया पडून घेतलं. गूळ-खोबरं वाटलं गेलं. भोजराज त्याला स्टेशनवर सोडायला निघाले. वाटेत त्यांनी मागेपुढे पाहिलं आणि नव्या व्याह्याला हळूच म्हणाले,

"इवाई, लग्नाले याल तर उजव्या खिशात गूळ ठेवजा, कपिलीले सवय आहे. डाव्यात काही ठेवू नोका, फाटका आहे. तीन वर्सं घरी सांगून थकलो, तर बाईनं कोटच भांडेवालीले देऊन गडवा घेतला. तुमच्या नागपूरच्या शिंप्याले जमते का पाहा."