तिसऱ्या स्तरातलं पिवळं दार

घर घेणे हा माणसाच्या आयुष्यातला असा निर्णय आहे, जो मनाने घेतला जातो आणि दशांश चिन्हाने सिद्ध केला जातो. (लग्नात दुसरा भाग राहून जातो.)

म्हणूनच पेरेरा शहरातले एव्हेलियो सिफुएन्तेस, वय त्रेपन्न, हुद्दा कारकून, यांनी दोन घरांचा तीस वर्षांचा खर्चाचा तक्ता मांडला. घरं एकाच गल्लीत, समोरासमोर, एकाच गवंड्याने बांधलेली. फरक एवढाच, की सरकारदप्तरी डावी रांग तिसऱ्या स्तरात होती आणि उजवी चौथ्या. स्तर वर गेला की वीज-पाणी महागतं. स्तर ठरवणारा मोजणीवाला घर बाहेरून बघतो: दार, भिंत, पुढची बाग. आत कोण काय खातं, याच्याशी सरकारला कर्तव्य नाही.

बायको नोहेमीची अट एकच होती, पिवळं दार. चोवीस वर्षांत भाड्याची पाच घरं झाली, पण एकाही मालकाने तिला दाराला ब्रश लावू दिला नव्हता. रंगाचा डबा ती दुसऱ्या घरापासून सोबत वागवत होती. (आता त्यात रंग कमी आणि श्रद्धा जास्त होती.)

तक्त्यानुसार डावीकडे तीस वर्षांत तीन कोटी साठ लाख पेसो वाचत होते. 'दृश्य' या रकान्यातही डावं घर सरस ठरलं, कारण त्याच्या खिडकीतून चौथा स्तर फुकट दिसतो. उजवीकडचे लोक जास्त बिल भरून जन्मभर तिसरा स्तर बघत बसतात.

"आणि दार?" नोहेमीने विचारलं.

"दार दोन्हीकडे आहे."

"अहो, रंग म्हणतेय मी."

याचं उत्तर डाव्या रांगेच्या स्वयंघोषित अध्यक्षा दोन्या ग्रासिएला यांनी दिलं. "आतून काय हवा तो रंग लाव, पोरी. बाहेरून दार तोंड पाडून बसलेलं हवं. एक दार हसलं, तर अख्खी रांग चौथ्यात जाईल."

म्हणून डिसेंबरात सगळं शहर घरं रंगवतं, तेव्हा ही रांग वर्गणी काढून घरं खरवडते. त्यासाठी बाहेरगावाहून खास कारागीर येतो. (हौशी माणसाने काढलेले पोपडे लगेच ओळखू येतात.)

एव्हेलियोने वर्गणी तक्त्यात घातली. तीस वर्षांची बचत उरली बाराशे पेसो, म्हणजे एक काळी कॉफी, तीही उभ्याने.

"बचत ती बचत," असं म्हणून त्याने डावं घर घेतलं.

नोहेमीने आठवडाभर सामान लावलं. आठव्या दिवशी तिने दार आतून पिवळं केलं. मग रोज दुपारी कडी लावून ती दाराकडे बघत बसू लागली.

मार्चमध्ये मोजणीवाला आला. बाहेरचे पोपडे त्याने आदराने टिपून घेतले आणि प्यायला पाणी मागितलं. तो आत आला, आणि वाऱ्याने दार त्याच्या मागे बंद झालं. त्याने वळून पाहिलं. एव्हेलियोच्या डोळ्यांसमोर तीस वर्षं आणि अख्खी रांग उभी राहिली.

मोजणीवाल्याने पिवळ्या रंगावरून बोट फिरवलं. "छान आहे, बाई," तो म्हणाला. "आमच्याकडे निळं आहे. आतूनच."

त्याने 'तीन' लिहिलं आणि पाणी पिऊन निघून गेला.

वाचकांना ही पद्धत परकी वाटेल. वाटू द्या. फक्त पाहुणे येणार म्हणून तुम्ही बाहेरच्या खोलीतली चादर बदलता आणि आतल्या खोलीचं दार ओढून घेता, तो कितवा स्तर, तेवढं कळवावं. तक्त्यात एक रकाना रिकामा आहे.