पट्टीचा बाक

दूध उतू जाण्याचे दिवस संपले, असं तात्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून जाहीर केलं. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काढून निवृत्त झालेला माणूस बोलतोय म्हटल्यावर बायकोनं मान डोलावली. ओटा पुसायचं फडकं मात्र हातातून सोडलं नाही.

पण यंत्र खरंच चाललं. दूध वर आलं की पातेल्यातली तबकडी उचलली जायची, तिच्या धक्क्यानं एक वाकवलेली पोलादी पट्टी सुटायची आणि गॅसची कळ फिरायची. सगळा जीव त्या पट्टीच्या बाकात. एकोणीस पट्ट्या वाया गेल्या, तेव्हा कुठे विसावी जमली. आता पेटंट! तात्या अक्षरं शिकले तेच साठीत. छापील सरकारी कागदावर आपलं नाव आपण वाचायचं, एवढीच हौस उरली होती.

वकील म्हणाले, "अर्ज जाईपर्यंत कुणापाशी अवाक्षर काढू नका."

तात्यांनी ते इतकं मनावर घेतलं, की वकिलांनाही बाक सांगितला नाही. चित्रात पट्टीच्या जागी साधी सरळ रेघ मारली आणि खरी पट्टी चमच्यांच्या डब्यात लपवली.

वर्षभरानं वकिलांकडे पेटंट कचेरीचं उत्तर आलं. वर्णनाप्रमाणे यंत्र चालणार नाही.

"चालेल कसं? मुख्य गोष्ट मी सांगितलीच नाही," तात्या समाधानानं म्हणाले.

वकिलांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तात्या, लोकांपासून लपवायचं होतं. पेटंट कचेरीपासून नाही. जा, पट्टी आणा. नव्यानं अर्ज करू."

डब्यात पट्टी होती. फुटपट्टीसारखी सरळ.

"अगं, हिचा बाक कुठे गेला?"

"वाकडी झाली होती, ठोकून सरळ केली. पातेलं खरवडायला बरी पडते. का, माप लिहून नव्हतं ठेवलं?"

"गुपित होतं ते," तात्या म्हणाले आणि स्टुलावर बसले.

बायकोनं त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. "अहो, तुमच्या पाठीसारखा होता तो बाक. वर जास्त, खाली कमी. उठा बघू."

त्यांचा खांदा भिंतीला टेकवून तिनं त्यांना उभं केलं आणि पेन्सिलीनं भिंतीवर पाठीची रेघ ओढली. तात्यांनी ती रेघ लहान मापात उतरवून पट्टी वाकवली. दूध वर आलं, कळ फिरली, ओट्यावर थेंब नाही.

या खेपेला काही लपवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. वर्णनाच्या शेवटी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'बाक: अर्जदाराच्या पाठीप्रमाणे.' वकिलांनी नको नको म्हटलं, तरी ते पान तसंच गेलं.

पुन्हा पत्र आलं. वर तात्यांचं नाव छापलेलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग खालचं बायकोला वाचून दाखवलं. 'केवळ वर्णनावरून कोणाही कुशल कारागिराला हा बाक काढता आला पाहिजे. कसा काढावा, ते कळवावे.'

बायको फडकं पिळत होती.

"त्यात काय कळवायचंय?" ती म्हणाली. "चाळीस वर्षं लेथपुढे उभा राहा म्हणावं."