येसूबाईंचा कोरा अहवाल

एका जंगलात, मुलांनो, एक पाणवठा होता, आणि पाणवठा म्हटला की त्याचं ऑफिस आलंच. कुणी कधी पाणी प्यायचं याच्या याद्या तिथल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये असत. दुसऱ्या फोल्डरमध्ये त्यांची प्रत. उन्हाळा लागला की दोन्ही फोल्डर ताडून बघायचे, साहेबांची सही घ्यायची, मगच फाटक उघडायचं.

हे काम येसूबाई साळिंदर यांच्याकडे होतं. बाई कामाला चोख. त्यांनी 'डिफ' असं टाइप केलं, पुढे दोन्ही फोल्डरांची नावं दिली आणि एंटर दाबलं.

कॉम्प्युटर काहीच बोलला नाही.

येसूबाई खूश झाल्या. डिफची रीतच तशी. फरक असला तर दाखवायचा, नसला तर गप्प बसायचं.

त्या गवेसाहेबांकडे गेल्या. "साहेब, दोन्ही फोल्डर तंतोतंत सारखे. सही करा."

"अहवाल कुठाय?"

"काहीच आलं नाही, साहेब."

"म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही!"

"केलं ना! फरक नाही म्हणूनच तर..."

"बाई, कोऱ्या कागदावर सही करू? उद्या वाघोबांनी विचारलं तर काय दाखवू, माझी शिंगं? पुन्हा तपासा."

येसूबाईंनी सात वेळा तपासलं. कॉम्प्युटर सातही वेळा गप्प. तो रुसला आहे का, हे बघायला एक समिती नेमली गेली.

इकडे फाटकाबाहेर रांग वाढत होती. एका म्हाताऱ्या भेकरीनं तिथंच बसकण मारली. "येसू, घशाला कोरड पडली गं. अजून किती?"

येसूबाई तडक आत गेल्या. प्रतीमधली एक यादी उघडली आणि 'भेकर'चं 'भोकर' केलं. मग पुन्हा डिफ टाइप करून एंटर दाबलं. पडद्यावर दोन ओळी उमटल्या: एकीत भेकर, दुसरीत भोकर.

गवेसाहेब खुर्चीतून उठलेच. "बघा! मी म्हणत नव्हतो?"

चौदा पानी अहवाल झाला. येसूबाईंनी एक काना खोडून चूक सुधारली. कॉम्प्युटर पुन्हा गप्प झाला, आणि या खेपेला त्याच्या गप्प बसण्याचं सर्वांनी कौतुक केलं. सही झाली. फाटक उघडलं. म्हातारी पोटभर पाणी प्याली.

भोकर प्रकरण उजेडात आणल्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला. येसूबाईंना बढती मिळाली, आणि हाताखाली दोन तरस.

तात्पर्य: काम चोख करावं, पण आधी त्यात एक चूक घालून ठेवावी. चूक सापडल्याशिवाय काम झालं असं कुणालाच वाटत नाही.